सर्व्हिस झाली की सुधारतं, मग पुन्हा घसरतं: जड डिझेल एसयूव्हीच्या ॲव्हरेजचा छडा कसा लावायचा

तीन लिटरचं डिझेल इंजिन, माणसं-सामान धरून अडीच टनांची गाडी. कंपनीच्या कागदावर ॲव्हरेज बाराच्या पुढे, आणि पुण्यात रोज चालवताना हातात येतात साडेसहा-सात. सर्व्हिसला दिली की काही आठवडे आठ-साडेआठ दाखवते, मालक खूश होतो, आणि मग आकडा हळूहळू परत जागेवर. अशी गाडी घेऊन आमच्या गॅरेजला येणाऱ्याला आधी बहुतेक एकच उत्तर मिळालेलं असतं: "सर, हेवी गाडी आहे, एवढंच देणार."

हे उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच त्याचा त्रास जास्त. वजन जे खातं ते रोज सारखंच खातं. सर्व्हिसनंतर कमी आणि दोन महिन्यांनी जास्त, असं वजन करत नाही. आकडा सुधारून पुन्हा घसरत असेल तर वजनाच्या जोडीला दुसरं काहीतरी चालू आहे, आणि ते शोधता येतं.

आधी वजनाचा हिशोब मिटवू

२,५०० किलोची गाडी उभ्या अवस्थेतून ताशी ६० किमीला न्यायला साधारण ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमध्ये ३६ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण शहरातल्या चालवण्यात त्यातली फार तर ३० टक्के चाकापर्यंत पोचते. म्हणजे सिग्नल सुटून ६० गाठायला प्रत्येक वेळी ३०-३५ मिली डिझेल जातं, आणि पुढचा सिग्नल लाल दिसला की ती सगळी कमाई ब्रेक डिस्कमध्ये उष्णता होऊन संपते. असे तीस थांबे म्हणजे एक लिटर. यात एसी, टायरचं घर्षण, वारा काहीच धरलेलं नाही. गाडी उभी आणि एसी चालू असेल तर एवढं इंजिन तासाला लिटरभर डिझेल सहज पितं, कडक उन्हात त्याहून जास्त. हिंजवडीच्या गर्दीत अर्धा तास अडकलात तर अर्धा लिटर गेला आणि किलोमीटर जवळपास शून्य.

हायवेवर वजनापेक्षा वारा महाग पडतो. उंच, रुंद गाडीला १०० च्या वेगाला जो एकूण विरोध होतो त्यातला निम्म्याहून जास्त हवेचा असतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून १२० ला गेलात की हवेचा विरोध ४४ टक्के वाढला. समृद्धी महामार्गावर १२० ची परवानगी आहे म्हणून क्रूझ १२० ला लावून नागपूर गाठलं आणि ॲव्हरेज पडलं, तर गाडीत बिघाड शोधू नका. टपावर कायमचा लावलेला कॅरिअर, शिडी, सामानाची पेटी यांचंही तसंच. सहलीवरून आलात की काढून ठेवा. शोभेसाठी लावलेल्या कॅरिअरचा खर्च प्रत्येक किलोमीटरला द्यावा लागतो.

राहिला कागदावरचा आकडा. कोथरूडच्या ज्या टेकडीला आपण एआरएआयची टेकडी म्हणतो, तिथल्या गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेचं नाव या आकड्याला चिकटलंय. ही चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. भारतीय चाचणी-चक्र १,१८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही थोडं कमी, अंतर साडेदहा किमीच्या आसपास, सर्वाधिक वेग ९०, आणि एसी बंद. गाड्यांची आपसात तुलना करायला हा आकडा चांगला आहे. बाणेर रोडवर संध्याकाळी सात वाजता तो मिळायलाच हवा, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

या वर्गातली निरोगी डिझेल गाडी शहरात साडेसात ते नऊ आणि हायवेवर ९०-१०० च्या वेगाला बारा-तेरा देते, असं मी धरून चालतो. शहरात सात आणि हायवेवर बारा मिळत असतील तर गाडी ठीक आहे, तुमचा रस्ता महाग आहे. हायवेवरही नऊ-दहाच्या पुढे जात नसेल, किंवा पूर्वी मिळणारा आकडा पडला असेल, तर पुढचं वाचा.

मोजायचं कसं

डॅशबोर्डवरचा आकडा तक्रारीसाठी वापरू नका. तो इंजेक्टरच्या वेळेवरून काढलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत थोडा गोड बोलतो. शिवाय सर्व्हिसमध्ये तो शून्यावर आणला की पहिली हायवे फेरी त्यात चमकते. "सर्व्हिसनंतर सुधारलं" यातला काही भाग एवढाच असतो.

टाकी भरा, नोझल आपोआप पहिल्यांदा बंद झालं की थांबा, वरून ठेचून भरू नका. निदान ५०-६० लिटर जळेपर्यंत चालवा, त्याच पंपावर, त्याच बाजूने, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. असं सलग काही टाक्या करा आणि शहर-हायवे वेगळं लिहा. दहा-पंधरा लिटर टाकून काढलेल्या ॲव्हरेजला काही अर्थ नाही, कारण कट एक-दीड लिटर अलीकडे-पलीकडे झाला की सगळा हिशोब बिघडतो.

घाटातून जात असाल तर जाऊन-येऊन मोजा. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना ही गाडी सुमारे ५०० मीटर उंच उचलावी लागते, आणि त्या उचलण्यालाच जवळपास लिटरभर डिझेल जातं. पुण्याहून मुंबईला उतरताना पंधरा मिळाले म्हणून गाडी सुधारली असं होत नाही, आणि परत येताना अकरा मिळाले म्हणून बिघडलीही नाही.

पंपाचा संशय असेल तर तिथेच सोडवून घ्या. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने तपासलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. फरकाची मुभा ५ लिटरला २५ मिली, म्हणजे अर्धा टक्का. एवढ्याने आठाचे साडेसहा होत नाहीत.

टायर बदलले असतील तर त्यावरचा आकडा बघा. कंपनीचे २६५/६० आर १८ काढून रुबाबासाठी २८५/६० आर १८ घातले, तर चाकाचा व्यास तीन टक्क्यांनी वाढतो. गाडी १०३ किमी गेली तरी ओडोमीटर १०० च म्हणतो. जड चाकाने खरंच जास्त जळतंय की फक्त किलोमीटर कमी मोजले जाताहेत, हे वेगळं करायला फोनवरच्या जीपीएसने एकदा लांब अंतर ताडून पाहा.

खरं दुखणं बहुतेक वेळा सायलेन्सरच्या बाजूला

सुधारून पुन्हा घसरणाऱ्या बीएस६ डिझेलमध्ये मी सगळ्यात आधी डीपीएफकडे वळतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस६ नियम लागू झाले, आणि आज या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्यांत ही काजळी अडवणारी जाळी आहे. जाळी भरत आली की इंजिन स्वतःच ती जाळून साफ करतं. त्यासाठी ज्वलन झाल्यावर थोडं जादा डिझेल सोडलं जातं, धुराचं तापमान ६०० अंशांच्या घरात नेलं जातं, आणि दहा-वीस मिनिटांत काजळी जळून जाते. हे डिझेल गाडी पुढे नेत नाही. ते फक्त जाळी तापवतं.

हायवेवर चालणाऱ्या गाडीत ही सफाई काही शे किलोमीटरमधून एकदा होते आणि मालकाला कळतही नाही. पण घर ते ऑफिस पाच किमी, ऑफिस ते घर पाच किमी, मध्ये मुलांची शाळा, असं चालणं असेल तर सफाई सुरू होते आणि ती संपायच्या आत चावी बंद होते. पुढच्या फेरीला ती पुन्हा सुरू. तवा तापवायचा, भाकरी टाकायच्या आधीच गॅस बंद करायचा आणि तासाभराने पुन्हा तापवायचा, असा तो प्रकार. भाकरी एकही नाही, गॅस मात्र संपतोय. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून जाळी एकदा पूर्ण साफ करतात, टायरमध्ये हवा भरतात, म्हणून महिनाभर बरं वाटतं. मूळ कारण जिथल्या तिथे असतं, म्हणून गाडी पुन्हा तिथेच येते.

सफाई चालू आहे हे ओळखता येतं. सिग्नलला इंजिन नेहमीच्या सातशे-आठशे फेऱ्यांऐवजी हजाराच्या आसपास फिरतं, आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही, तात्कालिक ॲव्हरेज एकदम खाली येतं, आणि गाडी बंद केल्यावर पुढचा पंखा घरघरत राहतो. मागून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर गाडी बंद करू नका. बायपासला काढा आणि वीसेक मिनिटं ६०-८० च्या स्थिर वेगाने चालवा, गिअर एक खाली ठेवून इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास राहू द्या.

एवढ्याने भागलं तर उत्तम. आठवड्यातून एक अशी फेरी ठेवली की शहरात चालणाऱ्या पुष्कळ गाड्या ताळ्यावर येतात. तरी सफाई वारंवार होत असेल, तर काजळी नेहमीपेक्षा जास्त तयार होतेय किंवा सफाई पुरी होत नाहीये, आणि दोन्हीला कारण असतं.

एक गाडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळं होतं. औंधला घर, बाणेरला ऑफिस, सात सीटची डिझेल गाडी, वॉरंटी नुकतीच संपलेली. जाळी दोनदा स्कॅनरने साफ झाली होती, दाबाचा सेन्सरही बदलून झाला होता. आम्ही स्कॅनर लावला तेव्हा शेवटची पूर्ण सफाई होऊन शंभर किमीही झाले नव्हते आणि काजळी पुन्हा वरच्या हद्दीला टेकली होती. गाडी एक्सप्रेसवेवर नेली. तळेगावच्या पुढे ८० च्या स्थिर वेगाला कूलंटचं तापमान ७२ ते ७४ अंश, उतार लागला की ६८. डॅशबोर्डवरचा काटा मात्र निवांत ९० वर. हे लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ मधलं काहीही असलं तरी तो मधोमधच उभा राहतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. खरा आकडा ओबीडी पोर्टमधून, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून, वाचावा लागतो.

थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. झडप बंद असतानाही रबराची कड एका बाजूने दुमडलेली होती आणि तिथे करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. त्या फटीतून कूलंट सतत रेडिएटरकडे पळत होतं, त्यामुळे इंजिन कधी पुरतं तापतच नव्हतं. इंजिन थंड आहे म्हणून कंट्रोल युनिट जास्त इंधन देतं, थंड इंजिनात काजळी जास्त होते, आणि पुरेसं तापल्याशिवाय सफाई सुरूच होत नाही किंवा मध्येच सोडून दिली जाते. एका स्वस्त झडपेने तीन बाजूंनी डिझेल खाल्लं होतं. थर्मोस्टॅट बदलल्यावर कूलंट ८८-९२ वर स्थिरावलं, दोन सफायांमधलं अंतर तीनशे किमीच्या पुढे गेलं आणि शहरातला आकडा आठाच्या वर राहिला. तो अजूनही तिथेच आहे, आणि अशा दुरुस्तीची खरी परीक्षा तीच.

तुम्हाला हे घरी तपासता येतं. हजार-दोन हजारांत ब्लूटूथचा ओबीडी ॲडॅप्टर मिळतो. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवल्यावर कूलंट ८५ च्या खाली राहत असेल तर आधी थर्मोस्टॅट, मग बाकी सगळं. काही ॲप्समध्ये गाडीनुसार काजळीचं प्रमाण आणि शेवटच्या सफाईनंतरचं अंतरही दिसतं.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर पुढचा संशय टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत दाबलेली हवा नेणाऱ्या रबरी पाइपांवर. क्लॅम्पजवळ तेलकट ओल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, आणि जोर दिला की शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दाबलेली हवा बाहेर जातेय. हवा कमी पडली की काजळी वाढते. त्यानंतर ईजीआर झडप, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी, मग इंजेक्टर. इंजेक्टर शेवटी म्हणतोय, कारण ते सगळ्यात महाग, आणि पुष्कळ ठिकाणी नेमके तेच आधी बदलायला सांगतात.

ऑइलची पातळी दुर्लक्षू नका. अर्धवट सफाईतलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट बघू नका, लगेच बदला. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचे बेअरिंग जातात, आणि तो खर्च डिझेलच्या खर्चाला लाजवेल. यातल्या कित्येक गाड्यांना डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर बघावी लागते. ती सवय लावून घ्या.

हायवेवरही पडत असेल तर चाकं बघा

शहर आणि हायवे दोन्हीकडे सारखंच पडलं असेल, तर गाडी कुठेतरी अडकतेय का ते तपासा. कोकणात येणं-जाणं असेल तर हे हमखास. पावसाळ्यातला चिखल आणि खारी हवा यांनी ब्रेक कॅलिपरच्या सरक-पिना गंजतात, पॅड डिस्कला घासत राहतात. पॅडल सोडलं तरी ब्रेक पुरता सुटत नाही. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस किमी चालवून, ब्रेक शक्यतो न मारता गाडी हळूहळू थांबू द्या आणि लांबून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क बघा. पुढची चाकं मागच्यापेक्षा गरम असणं ठीक. पण एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्यात तीस-चाळीस अंशांचा फरक असेल तर गरम बाजूचा कॅलिपर खोला. हात लावून बघू नका, भाजेल. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेकची मोटर असेल, तर तीही कधी कधी पुरती सुटत नाही.

टायरमधल्या हवेबद्दल थोडक्यात: पंपावरचा मुलगा सवयीने सगळ्या गाड्यांना ३३-३५ भरतो. तुमच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाआत स्टिकर आहे. त्यात दोन माणसांचा आणि भरल्या गाडीचा असे वेगळे आकडे असतात, आणि भरल्या गाडीला मागच्या टायरचा आकडा या वर्गात अनेकदा चाळिशीत जातो. टायर थंड असताना तपासा.

पेट्रोलवाल्यांसाठी

तुम्हाला डीपीएफचा त्रास नाही, पण इथेनॉलचा हिशोब आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या चारचाकींना ई२० वर (२० टक्के इथेनॉल) ६-७ टक्के घट आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाड्यांना १-२ टक्के घट असा अंदाज दिला आहे. म्हणजे आठाचे साडेसात झाले तर ते इंधनातून आलं असू शकतं. आठाचे सहा झाले तर नाही. ओबीडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट इंधनात कायमची किती दुरुस्ती करतंय तो आकडा, बघा: दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, त्याहून वर गेला असेल तर हवा कुठून गळतेय किंवा ऑक्सिजन सेन्सर थकलाय का, ते शोधा.

कशावर पैसे घालवू नयेत

एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा कार्ब्युरेटरच्या काळातली. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर हे तपासलं आहे. तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर लक्षणीय फरक पडत नाही. फिल्टर वेळेवर बदलाच, पण इंजिनासाठी. टाकीत घालायच्या बाटल्यांनी थर्मोस्टॅटची फट बुजत नाही.

आणि डीपीएफ कापून काढून, सॉफ्टवेअरने त्याची आठवण पुसून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. ॲव्हरेज थोडं वाढतंही, हे मी नाकारत नाही. पण ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि जी काजळी जाळी अडवत होती ती सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या माणसाच्या छातीत जाते. आमच्याकडे हे काम होत नाही.

वॉरंटीत असाल तर

जॉबकार्डवर "ॲव्हरेज कमी" एवढंच लिहू देऊ नका. टाकी-ते-टाकीचे आकडे शहर-हायवे वेगळे करून द्या आणि स्कॅनरचे हे आकडे छापून मागा: काजळीचं प्रमाण, राखेचं प्रमाण, शेवटच्या सफाईनंतरचं अंतर, किती सफाया अर्धवट राहिल्या, आणि चालत्या गाडीत कूलंटचं तापमान. काजळी आणि राख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काजळी जळते, राख जळत नाही. राख ऑइलमधल्या रसायनांची असते आणि जाळीत कायमची साठते, म्हणून गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच ऑइल हवं. बिलावर नुसतं "५डब्ल्यू-३०" असेल तर पूर्ण स्पेसिफिकेशन लिहून घ्या, कारण त्याच जाडीचं जास्त राखेचं ऑइलही बाजारात मिळतं. जाळी स्कॅनरने साफ करून दिली तर आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही घ्या, आणि साधारण ३०० किमी झाल्यावर तेच आकडे पुन्हा वाचून घ्यायची वेळ तिथेच ठरवा. तोवर काजळी पुन्हा वरच्या हद्दीला आलेली असेल, तर तिसऱ्यांदा साफ करून घेऊ नका. थर्मोस्टॅट आणि टर्बोच्या पाइपांची तपासणी जॉबकार्डवर लिहून घ्या.